व्हायलंय, व्हायचंय

"दुरुस्ती व्हायलीय गं मंजू. तेवढी एक ओळ काढ ना," योगीराज फोनवर म्हणाला, आणि मंजुषाच्या हातातला चमचा साक्षीच्या तोंडापाशी जाऊन तसाच थांबला. पोरीनं आ वासलेला, चमच्यातला गुरगुट्या भात निवायला लागलेला, आणि मंजुषाच्या कानात तो एकच शब्द. 'चालू आहे' नाही, व्हायलीय. ओळ काढ म्हणाला याचं तिला काही वाटलं नाही. तो तसं म्हणणार हे ती सकाळपासून धरून चालली होती. पण व्हायलीय? पुण्याला गेल्यापासून या माणसानं 'हाय'चं 'आहे' केलं होतं, 'लय'चं 'खूप' केलं होतं, आणि परभणीचं 'आमच्या भागात' केलं होतं. जिंतूरला स्वतःच्या आईशी बोलायचं असलं तर ऑफिसातून उठून जिन्यात जायचा, असं त्याच्या शेजारी बसणारी प्रियांका सांगायची. तोच आज भर दुपारी, कुणी न विचारता, गावाकडची बोली घेऊन तिच्या दारात उभा होता. मागायला आलेला माणूस चपला बाहेर काढून येतो तसा. साक्षीनं चमच्यावर हात मारला, भात फरशीवर सांडला. "बघते," मंजुषा म्हणाली. "बघते न्हाई, काढ," तो म्हणाला. "उद्या सकाळी टूल घेणाऱ्या पार्टीसमोर सगळं दाखवायचंय. तुझी ती ओळ वाचली की एजंट माझ्या टूलला हात लावत न्हाई. कालपासून बघायलोय. शिवतच न्हाई." मग आवाज खाली आणून, हसत, "वाळीत टाकलंस की गं मला."

फोन ठेवल्यावर तिनं फरशीवरची शितं एकेक करून वेचली. एकही राहून चालणार नव्हतं. पोरगी आता रांगता रांगता उभी राहायला लागली होती आणि फरशीवरचं काहीही तिच्या तोंडात जात होतं. परवा सोयाबीनचा दाणा निघाला, त्याआधी भागवतच्या शर्टाचं बटण. भागवत, तिचा नवरा, रोज सकाळच्या गाडीनं चुडाव्याच्या स्टेशनावर ड्यूटीला जायचा आणि जाताना म्हणायचा, "सारखं काय तिच्या तोंडात बोट घालून बघतेस, वाढतात लेकरं." पण मंजुषाला राहवायचं नाही. गालाच्या आतून, जिभेखालून बोट फिरवून बघितल्याशिवाय तिचा जीव खाली बसायचा नाही. तोंड बंद असलं की आत काही नाही असं म्हणता येत नाही. आपल्याला दिसत नाही एवढंच म्हणता येतं. ही अक्कल तिला आईपणानं दिली की कामानं, हे आता तिचं तिलाच सांगता आलं नसतं. दोन्हीकडे तेच होतं. त्या ओळीतही तेच होतं.

घरी बसून तू नेमकं काय करायलीस, असं सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, तेव्हा तिनं स्वयंपाकघरातलाच दाखला दिला होता. म्हणाली होती, "आत्याबाई, असं समजा, घरात एक नवी सून आलीय. लय हुशार. सांगाल ते काम करील, थकायची नाही. पण तिला कुठलाच डबा उघडून बघता येत नाही. डब्यावर चिठ्ठी डकवलेली असते, ती वाचायची आणि त्यावर भरवसा ठेवून हात घालायचा. त्या चिठ्ठ्या मी लिहिते." वच्छलाबाई भाकरी थापता थापता थांबल्या आणि म्हणाल्या, "मग ती नवी कशाची? आमची सासू तरी कुठं डबे उघडू देत व्हती." दोघी हसल्या होत्या. मनात मात्र मंजुषाला दुसरंच आठवलं होतं. लग्न होऊन ती या घरात आली त्या पहिल्याच पंधरवड्यात पाथरीचे पाहुणे जेवायला होते. मीठ कुठंय विचारलं तर याच बाई मागं न बघता म्हणाल्या होत्या, "पिवळ्या झाकणाच्या डब्यात हाय की." पिवळ्या झाकणाचे डबे दोन होते. दुसऱ्यात पापडखार होता. वरण फसफसून पातेल्याबाहेर आलं, पाहुण्यांनी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं, आणि बाई पाहुण्यांना म्हणाल्या, "शिकलेली हाय ना, सवय न्हाई." त्यांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. मीठ पिवळ्या झाकणाच्या डब्यातच होतं. तेव्हापासून तिला कळलं की एखाद्या वस्तूबद्दल ती काय आहे एवढं सांगून भागत नाही, ती काय नाही हेही सांगावं लागतं. आणि हेही कळलं, की खरं बोलूनही माणसाला पाहुण्यांसमोर उघडं पाडता येतं.

एजंटचं तसंच होतं; एजंट म्हणजे माणूस नव्हे, सांगितलेलं काम आपलं आपण करणारा प्रोग्राम. फोनमधल्या अ‍ॅपच्या आतला कोड तपासायचं काम त्याच्याकडे असायचं. हाताशी टूल्सचा ढीग. एक कोड उलगडून देणारं, एक परवानग्या सांगणारं, एक अमुक शब्द कुठं कुठं आलाय ते हुडकणारं. एजंट प्रत्येकाचं नाव आणि त्याखालचं वर्णन वाचायचा आणि ठरवायचा, हे उचलू की ते. वर्णन ढिसाळ असलं की नको तिथं नको ते उचलायचा. योगीराजचं टूल वेगवान होतं, देखणं होतं: अ‍ॅप माणसाची माहिती गुपचूप कुठं कुठं पाठवतं, त्या सगळ्या पत्त्यांची यादी क्षणात समोर ठेवायचं. फक्त एक होतं. अ‍ॅप बनवणाऱ्यानं मुद्दाम कोडची नावंगावं विस्कटून ठेवली असली, वाचणाऱ्याला काही लागू नये म्हणून, तर या टूललाही काही लागायचं नाही. आणि 'मला वाचता आलं नाही' असं म्हणायच्या ऐवजी ते रिकामी यादी द्यायचं. एजंट ती बघायचा आणि म्हणायचा, हे अ‍ॅप कुठंच काही पाठवत नाही, स्वच्छ आहे. म्हणून मंजुषानं वर्णनाच्या शेवटी ती ओळ लिहिली होती: 'रिकामी यादी आली तर अ‍ॅप स्वच्छ आहे असं समजू नका, विस्कटलेला कोड या टूलला वाचता येत नाही, तिथं दुसरं, सावकाश चालणारं टूल वापरा.' ओळ खरी होती. एकही शब्द कमीजास्त नव्हता. लिहून झाल्यावर तिनं ती पुन्हा पुन्हा वाचली होती, आणि प्रत्येक वाचनाला तिच्या छातीत काहीतरी गोड, गरम उतरत गेलं होतं. उद्या तपासून दाखवायचं अ‍ॅप लेकरांच्या लशींची आठवण करून देणारं होतं, आयांनी आपल्या पोरांचे फोटो त्यात टाकलेले असायचे. कुणी विचारलं असतं तर तिला म्हणता आलं असतं की बाई, पोरांसाठी लिहिली ती ओळ. पण तिला माहीत होतं, पोरांसाठी नव्हती लिहिली.

कॉलेजात असताना योगीराज आणि ती एकाच बाकावर बसायचे. तो जिंतूरहून एसटीनं यायचा, डब्यात आईनं दिलेले धपाटे असायचे, आणि दोघांनाही पुण्याला जायचं होतं. तिथं मुलाखतीत हसतात म्हणून कुणीतरी सांगितलं होतं, त्यामुळे दोघांनी मिळून एक खेळ काढला होता. कॉलेजच्या फाटकापासून स्टँडपर्यंत चालताना 'हाय', 'न्हाई', 'लय' म्हणायचं नाही. जो चुकेल त्यानं दुसऱ्याचं दप्तर उचलायचं. ती फार चुकायची. हायचं आहे तिला जमलं, लय सुटलं, पण ते 'यायलंय', 'व्हायलंय' जिभेवरून हलेना. "अगं, तिकडं कळतच नाही कुणाला," योगीराज म्हणायचा, दप्तर तिच्यावर सोपवून स्वतःचे मोकळे हात हलवत. "आपण म्हणतो पाणी यायलंय, म्हणजे नळाला आलंय, भर. ते ऐकतात पाणी यायचंय, म्हणजे अजून आलंच नाही, बस. एका अक्षरानं घागर रिकामी राहील बघ तुझी." आणि ती दोन दप्तरं सावरत चालताना हसायची. एका अक्षराचा फरक तिला त्यानंच शिकवला होता. दुसऱ्या कुणी नाही, त्यानं. म्हणून तर पुढं झालं ते तिला कधी विसरता आलं नाही.

पोटात साक्षी होती तेव्हाची गोष्ट. तेव्हा ती कंपनीच्या तपासणी गटात होती, पगारी, नावानिशी. घरून काम, पण मीटिंगला पडद्यावर तिचाही चौकोन असायचा. योगीराजनं हेच टूल नुकतंच आणलं होतं आणि ते तपासायचं काम तिच्याकडे होतं. ते चालू केलं की मध्येच अडकायचं, ना पुढं ना मागं. मीटिंगमध्ये राजेश्री मॅडमनी विचारलं, मंजुषा, झालं का? तिच्या पोटात सकाळपासून ढवळत होतं, घशाशी आंबट आलेलं, समोर पडद्यावर ते टूल अजून फिरतच होतं. आणि इतकी वर्षं दाबून धरलेलं जिभेवरून निसटलं. "व्हायलंय, मॅडम." चौकोनांत कुणीतरी फसकन हसलं. मॅडम पुण्याच्या, भल्या होत्या, पण पुण्याच्या. "व्हायचंय? अजून व्हायचंय? आठवडाभर काय केलंत मग?" मंजुषानं तोंड उघडलं तर शब्दाऐवजी उमासाच आला, तिनं हात तोंडावर दाबला. आणि त्या क्षणी तिला भीती वाटली नाही, कारण योगीराज होता. तो वरच्या ओळीत, निळा शर्ट घालून, नुसता बसला होता. त्याला कळलं होतं. त्याच्या डोळ्यांत ते ओळखीचं हसूही तरळून गेलं, दप्तर उचल म्हणणारं. तो आता सांगेल, मॅडम, तिकडच्या भाषेत व्हायलंय म्हणजे चालू आहे. आणि मग टूल का अडकतंय तेही निघेल. योगीराजनं घसा साफ केला. "हो मॅडम," तो म्हणाला, स्वच्छ, धुतलेल्या मराठीत, "व्हायचंय तिचं अजून. तब्येतीमुळे असेल. मी बघतो." मी बघतो. पुढच्या महिन्यात तिचा चौकोन नव्हता. बाळंतपण, मग विश्रांती, मग 'तुला झेपेल तसं' म्हणून वर्णनं लिहायचं सुटं काम. आणि योगीराज गटाचा प्रमुख.

तिनं कुणाला काही सांगितलं नव्हतं. भागवतला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, एवढ्याशा शब्दावरून? सांगण्यासारखं त्यात काय होतं? एका अक्षराचं भांडण. पण तो राग तिनं विरजणासारखा राखला होता. रोजचं ताक झालं तरी तळाशी चमचाभर ठेवायचा, दुसऱ्या दिवशी त्यावर नवं दूध ओतायचं. पोरीला पाजताना, झोळीला झोका देताना, नळाला रांग लावताना ती त्याला काय काय बोलायची. कधी शिव्या, कधी नुसता प्रश्न. तुला कळलं होतं ना? एवढंच. कळलं होतं ना? आणि प्रत्येक वेळी मनातला योगीराज घसा साफ करायचा. न कळून केलं असतं तर तिनं केव्हाच सोडून दिलं असतं. मॅडमवर तिचा राग नव्हता. पुण्याच्या बाईला च आणि ल सारखाच. ज्याला दोन्ही डबे ठाऊक होते त्यानं पापडखार पुढं केला होता.

साक्षी झोपल्यावर तिनं लॅपटॉप उघडला. तिन्हीसांजेला अजून वेळ होता, खिडकीतून वसमत रोडवरच्या टमटमचे हॉर्न येत होते, आणि ऊन अजून भिंतीवर चिकटून होतं. तिनं ती ओळ पुसली. नुसतं बघायला. एजंटला काम दिलं आणि बघत बसली. एजंटनं वर्णन वाचलं आणि गुणी सुनेसारखा मुकाट्यानं योगीराजच्या टूलला हात घातला. यादी रिकामी आली. एजंटनं लिहिलं, अ‍ॅप स्वच्छ आहे. किती सोपं होतं. एक ओळ काढली की योगीराज उद्या तरला. तिनं ओळ परत घातली. एजंट टूलपाशी आला, वाचलं, थांबला, आणि बाजूनं निघून गेला. तिनं पुन्हा पुसली. पुन्हा घातली. असं तिनं किती वेळा केलं कोण जाणे. तिला वाटलं, त्या माणसाची मान आपल्या दोन बोटांत आहे आणि आपण ती नुसती इकडे तिकडे फिरवून बघतोय. मग तिनं गटाचा सामायिक कोड उघडला. तिथं योगीराजचे बदल दिसत होते, कालचे, आजचे, आत्ताचे. तो खरंच बसला होता. वाचता आलं नाही तर तसं सांगावं, यासाठी टूलचं पोटच तो उसवत होता, आणि अर्ध्याच्या वर शिवूनही झालं होतं. व्हायलीय म्हणाला ते खरं होतं. उद्या सकाळपर्यंत होणार नव्हतं, पण व्हायलीय होतं. हे कळल्यावर तिला वाईट वाटायला हवं होतं. तिनं वाट बघितली. वाटलं नाही.

"काय टकामका बघायलीस त्या पेटीत?" वच्छलाबाई शेंगदाण्यांनी भरलेलं सूप घेऊन दारात उभ्या होत्या. "काही नाही आत्याबाई. एकानं सांगितलंय, त्याच्याबद्दलचं एक वाक्य काढून टाक म्हणून." "खरं हाय का खोटं?" "खरं." "मग ऱ्हाऊ दे की." बाई खाली बसून टरफलं पाखडायला लागल्या. मग मान वर न करता म्हणाल्या, "खरं हाय म्हणून ठिवायलीस का त्याला लागंल म्हणून?" मंजुषानं त्यांच्याकडे बघितलं. बाईंच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं, सुपातली टरफलं तेवढी उडत होती. "दोन्ही," ती म्हणाली. "मंग मजा हाय," बाई म्हणाल्या. "त्या पापडखाराच्या दिवशी मला ठावं व्हतं बरं का, डबे दोन हायती म्हणून." मंजुषाच्या अंगावर सर्रकन काटा आला. बाई हसत नव्हत्या. "माझ्या सासूनं मला न्हाई सांगितलं, मी तुला न्हाई सांगितलं. लय गार वाटलं व्हतं तवा." सूप झटकलं. "धा मिन्टं. तेवढंच." आणि त्या उठून गेल्या, जाताना झोळीला एक हलका झोका देऊन.

सकाळी मीटिंग सुरू झाली तेव्हा साक्षी तिच्या मांडीवर होती. झोपवायचा प्रयत्न फसला होता आणि वच्छलाबाई खाली नळाच्या रांगेत घागरी मांडून बसल्या होत्या. आज नळाचा दिवस होता. मंजुषानं पोरीच्या हातात लाकडी रवी दिली आणि कॅमेरा जरा वर केला. वर्णनं तिनं लिहिली म्हणून मॅडमनीच तिला बोलावलं होतं, किती दिवसांनी तिचा चौकोन पुन्हा लागला होता. पार्टीकडचे दोघं होते, मराठी न कळणारे. योगीराजनं इंग्रजीत झकास सुरुवात केली. निळाच शर्ट. त्यानं सकाळी सहालाच तिला निरोप टाकला होता, 'काढलीस ना?' तिनं नुसता अंगठा पाठवला होता. अंगठ्याचा अर्थ ज्याचा त्यानं घ्यावा. एजंटला काम दिलं गेलं, आणि तो काय विचार करतोय ते ओळीओळीनं पडद्यावर उमटू लागलं. अ‍ॅप उघडलं. कोड विस्कटलेला दिसला. आणि मग, सगळ्यांच्या समोर, ठळक इंग्रजीत: पत्ते शोधण्यासाठी एक वेगवान टूल उपलब्ध आहे, पण विस्कटलेला कोड त्याला वाचता येत नाही आणि त्याची रिकामी यादी विश्वासार्ह नाही, म्हणून मी ते वापरणार नाही. कुठं राग नाही, कुठं हेल नाही. जिंतूरचाही नाही, पुण्याचाही नाही. या वाक्याला कुणी हसू शकत नव्हतं. तिचंच वाक्य, पण कुणी फसकन हसावं अशी जीभच त्याला नव्हती. मंजुषाला मांडीवरच्या पोरीच्या टाळूचा वास आला आणि वाटलं, सुख एवढंच असलं तरी पुरे.

पार्टीतला एकजण म्हणाला, हेच टूल तुम्ही आम्हाला देणार होतात ना? योगीराजनं घसा साफ केला. पण या वेळी साफ झाला नाही. तो काहीतरी इंग्रजीत सुरू करून अडखळला, मग मॅडमकडे वळला, आणि मंजुषानं त्याच्या चेहऱ्यावर ते येताना आधीच बघितलं. उमासा यावा तसं ते वर येत होतं, त्याला दाबायला हात नव्हता. "मॅडम, दुरुस्ती व्हायलीय त्याची," योगीराज म्हणाला. क्षणभर त्याचं त्यालाच कळलं नाही. मग कळलं. राजेश्री मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "व्हायचीय? अजून व्हायचीय?" "न्हाई मॅडम, म्हणजे, व्हायलीय..." त्याला नीट शब्द सापडेना. चालू आहे एवढे दोन शब्द, त्यानं शेकडो वेळा म्हटलेले. पण घाबरलेल्या माणसाच्या तोंडात आईचीच भाषा उरते. मॅडम वैतागल्या. "मंजुषा, तू तिकडचीच ना? काय म्हणतोय हा?"

योगीराजनं तिच्याकडे बघितलं. चौकोनांत कोण कुणाकडे बघतं ते कळत नाही म्हणतात, पण तिला कळलं. त्याच्या डोळ्यांत भीती नव्हती. तीच तर गंमत होती. त्याला वाटत होतं, ती सांगेल. ती होती म्हणून त्याला भीती वाटत नव्हती. साक्षीनं रवी टेबलावर आपटली. मंजुषाला आठवला तो सामायिक कोड, अर्ध्याच्या वर शिवलेलं टूलचं पोट. आठवलं की आपण लिहिलेली ओळ खरी होती, तिच्यात एक शब्द कमीजास्त नव्हता, आणि आता जे बोलायचं ते तसं नसणार. दिवसभर ती हेच तर करायची, एका शब्दाचा एकच अर्थ निघावा म्हणून जीव टाकायची. ओळीनं झालं होतं ते पुरे होतं. खरं म्हणजे तेवढ्यानं भागलं होतं. तिनं घसा साफ केला.

"व्हायचीय म्हणतोय, मॅडम," ती म्हणाली, स्वच्छ, धुतलेल्या मराठीत. "व्हायचीय त्याची अजून." आणि मग, कुणी न विचारता, "मी बघते."

तिला वाटलं होतं योगीराज ओरडेल, खोटं आहे म्हणेल, बदल उघडून दाखवेल. पण तसं करायचं तर च आणि ल मधला फरक आधी सांगावा लागला असता, आणि तो फरक आपल्याला पहिल्यापासून कळतो हेही. तो नुसता बसून राहिला, ओठ किंचित उघडे, आणि हळूहळू त्याची मान खाली गेली. शरमेनं की हसू लपवायला, ते तिला दिसलं नाही. "ठीक आहे, हे मंजुषाकडे द्या," मॅडम म्हणाल्या, "योगीराज, आपण नंतर बोलू," आणि पार्टीशी इंग्रजीत सुरू झाल्या. कॉलेजातल्या त्या खेळाच्या नियमानं चुकला होता तो; दप्तर मात्र तिच्या खांद्यावर आलं होतं. चौकोन एकेक करून विझले. शेवटी काळ्या पडद्यावर तिचा आणि पोरीचा चेहरा उरला, एकावर एक. गार वाटेल असं तिला वाटलं होतं. वाटलंही. बाईंचं ते धा मिन्टं कानात होतं, म्हणून ती घड्याळाकडे बघेना.

"मंजेऽऽ! पाणी यायलंय गं!" खालून वच्छलाबाईंची हाक आली. "घागरी उचलायला ये!"

ती उठली नाही. हाक ऐकू आली होती, शब्दही आला होता, पण तो आत शिरताना मध्येच अडकला, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तिला कळेना, बाई आलंय म्हणतायत की अजून यायचंय. तिनं कान दिला. रस्त्यावरून टमटम गेली, त्यात नळाचा आवाज असला तरी बुडाला. मांडीवरची साक्षी हाकेच्या दिशेनं मान वळवून बघत होती. तिच्या गालात काहीतरी होतं. मंजुषानं घाईनं बोट घातलं, जिभेखालून, हिरड्यांवरून फिरवलं. काही सापडलं नाही. पोरीनं तिचं बोट बाजूला ढकललं आणि लाळेनं माखलेल्या ओठांनी आजीची हाक परत केली, "याय-अंय."

"काय म्हणालीस?" मंजुषा म्हणाली. "परत म्हण."

"याय-अंय," पोरगी हसली. मध्ये ना ल होता, ना च. त्या जागी नुसतं उघडं तोंड होतं, आणि ते आपल्या आईकडे बघत वाट पाहत होतं, की ती तिथं कुठलं अक्षर घालते.